भरतकामाच्या गटाला खोली का द्यावी

वाचनालयाची किंवा सभागृहाची एखादी खोली आठवड्यातले दोन तास रिकामी असते. परिसरातली काही माणसे ती भरतकामाला, विणकामाला, गोधड्या शिवायला मागतात. बहुतेक ठिकाणी उत्तर ठरलेले असते: ही तुमची खासगी हौस, तिला सार्वजनिक जागा कशी देणार? तीच खोली कवितावाचनाला मिळते, बुद्धिबळाला मिळते, आरोग्यावरच्या व्याख्यानालाही मिळते. सुईदोऱ्याचे नाव निघाले की मात्र ती गोष्ट घरची, रिकामपणची आणि बायकांची ठरते. हे उत्तर मला मान्य नाही. ते का मान्य नाही हे नीट मांडायला हवे, कारण गटातली माणसेही आपली बाजू सांगताना "तेवढाच विरंगुळा" म्हणून मोकळी होतात आणि आपणच आपला दावा हलका करून टाकतात.

माझे म्हणणे असे. असा गट म्हणजे हातातले कसब एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाण्याची एक व्यवस्था आहे, आणि हे कसब दुसऱ्या कुठल्या वाटेने तितके नीट पोहोचत नाही. ज्या कारणासाठी आपण सार्वजनिक पैशातून वाचनालय चालवतो, त्याच कारणासाठी या गटाला जागा मिळाली पाहिजे. मेहेरबानी म्हणून नव्हे. मात्र जागा सगळ्यांची असेल तर तिथले शिकवणे-वाटणेही सगळ्यांसाठी हवे, आणि त्या बाबतीत आपले गट कमी पडतात. या दोन्ही गोष्टी एकत्रच बोलायला हव्यात.

गाठीचा टाका घ्या. पुस्तकात तो तीन चित्रांत संपतो: दोरा वर काढा, सुईला वेढे द्या, सुई खाली घाला. पहिल्यांदा करून पाहणाऱ्याची गाठ एक तर कापडातून आरपार निघून जाते, नाहीतर वर सैल लोंबत राहते. चित्रात दाखवलेला असतो तो सुईचा हात. खरे काम दुसऱ्या हाताचे असते. वेढे दिल्यावर दोरा त्या हाताने हलका ताणून धरायचा, वेढे सुईवरून सरकवत कापडाला टेकवायचे, सुई जिथून वर आली त्याच भोकात न घालता एक-दोन सूत बाजूला घालायची, आणि दोरा जवळजवळ संपेपर्यंत पकड सोडायची नाही. ताण किती ठेवायचा हे मात्र कुणालाच शब्दांत सांगता येत नाही. शेजारी बसलेली बाई आपला दोरा स्वतःच्या बोटात धरते, "एवढाच. आता सोड," म्हणते, तेव्हा ते कळते आणि पुढे आयुष्यभर विसरत नाही.

अशा शेकडो गोष्टी आहेत. सहा पदरी दोऱ्यातले दोन पदर हवे असतील तर दोन्ही एकदम ओढायचे नाहीत. एकेक पदर वेगळा काढायचा आणि मग जुळवून ओवायचा, म्हणजे टाका सपाट बसतो. कोपरापासून बोटांपर्यंत येईल एवढाच दोरा घ्यायचा. जास्त घेतला तर पुन्हापुन्हा कापडातून ओढला जाऊन त्याची चमक जाते. फुलीच्या टाक्यात वरचा टाका सगळीकडे एकाच दिशेने पडला पाहिजे, नाहीतर मोजणी बिनचूक असूनही काम विस्कटलेले दिसते. डावखुऱ्या माणसाला शिकवायचे तर उजव्या हाताने काम करणाऱ्याने शेजारी न बसता समोर बसायचे, म्हणजे त्याला हातांची हालचाल आरशातल्यासारखी दिसते. या शेवटच्या युक्तीने कितीतरी डावखुऱ्या मुली, ज्यांना "तुला जमायचे नाही" म्हणून घरी गप्प बसवले होते, गटात येऊन पहिल्याच बैठकीत साखळी टाका शिकून जातात. मला ही फार मोठी गोष्ट वाटते.

आता व्हिडिओ आहेत की, असे यावर सांगितले जाते. व्हिडिओंचे उपकार मी नाकारणार नाही. जिथे शिकवणारे कोणी नाही तिथे त्यांनी माणसांच्या हातात सुई दिली, आणि एखादा टाका आठवेनासा झाला की मीही व्हिडिओच लावते. पण व्हिडिओतल्या बाईला माझे कापड दिसत नाही. माझा दोरा पिळला जाऊन सारखा गुंततो आहे. सुई अधूनमधून उलटी लोंबकळत सोडली तर पीळ आपोआप सुटेल, एवढेच मला हवे आहे. पण माझी चूक तिच्या डोळ्यांसमोर घडतच नाही. नव्या माणसाची खरी अडचण इथेच आहे. आपले काय चुकते आहे हे त्याला कळत नसते, म्हणून शोधायचे काय हेही त्याला सुचत नाही. गटात मात्र कुणीतरी सहज मान वर करते आणि म्हणते, "रिंग सैल झालीय तुझी, स्क्रू आवळ आधी."

एकत्र बसून शिकण्याची ही रीत काही नवी नाही आणि एखाद्या देशाची मिरासदारीही नाही. पॅलेस्टिनी भरतकामाची कला, तत्रीझ, २०२१ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत आली. ती नोंद करताना, बायका एकमेकींच्या घरी, बरेचदा मुलींना घेऊन, भरतकामाला जमतात, ही गोष्ट कलेचा भाग म्हणूनच नोंदवली गेली. म्हणजे वारसा फक्त त्या लाल दोऱ्याच्या नक्षीत नाही, जमण्यातही आहे. इंग्लंडमध्ये १८७२ साली आजच्या रॉयल स्कूल ऑफ नीडलवर्कची सुरुवात झाली, आणि तिथे शिकलेल्या मंडळींनी १९०६ मध्ये एम्ब्रॉयडरर्स गिल्ड उभे केले. शाळा काढल्यावरही त्या लोकांना पुढे गटाची गरज भासली, याकडे मी मुद्दाम लक्ष वेधते. शाळा संपते, अभ्यासक्रम पुरा होतो. शंका मात्र त्यानंतरच येऊ लागतात.

त्याहून मला आवडते ते इंग्लंडमधल्याच लीक या गावच्या बायकांचे काम. १०६६ मध्ये इंग्लंडवर झालेल्या नॉर्मन स्वारीची गोष्ट सांगणारी, सुमारे ७० मीटर लांबीची बायू टॅपेस्ट्री आपण टॅपेस्ट्री, म्हणजे विणलेले चित्रकापड, म्हणत असलो तरी ती विणलेली नाही, लिननच्या कापडावर लोकरीच्या दोऱ्याने भरलेली आहे. ती भरणाऱ्या हातांची नावे कुणाला ठाऊक नाहीत. १८८५ मध्ये एलिझाबेथ वॉर्डल यांच्या पुढाकाराने लीकच्या भरतकाम मंडळातल्या बायकांनी तिची पूर्ण आकाराची प्रतिकृती करायला घेतली आणि पुढच्या वर्षी ती पुरी केली. आज ती रेडिंगच्या संग्रहालयात आहे. तिच्यात प्रत्येकीने आपण भरलेल्या भागाखाली आपले नाव टाक्यांनी घातले. मूळ कामात जे हरवले होते ते नकलेत जपले गेले. हौशी मंडळींच्या गटाने केलेले काम आहे हे, आणि संग्रहालय ते आजवर सांभाळत आले आहे.

गट जमला की माणसे बोलतात. हात गुंतलेले असतात आणि नजर कापडावर असते, त्यामुळे समोरासमोर बसून जे तोंडातून निघत नाही ते इथे निघते. हे ऐकायला बरे वाटते म्हणून मी सांगत नाही. याचे फार गंभीर दाखले आहेत. चिलीमध्ये १९७३ च्या लष्करी उठावानंतर ज्यांची माणसे उचलली गेली, नाहीशी झाली, त्या बायका चर्चच्या आधाराने चाललेल्या कार्यशाळांत जमत आणि तरटावर चिंध्या शिवून चित्रे करत. त्यांना आर्पियेरा म्हणतात. वृत्तपत्रांत जे छापता येत नव्हते ते या चिंध्यांच्या चित्रांतून देशाबाहेर गेले. १९४२ मध्ये सिंगापूरच्या चांगी तुरुंगात जपानी सैन्याने डांबलेल्या बायकांनी प्रत्येकीने एकेक चौकोन भरून गोधड्या केल्या आणि त्यांवर आपली नावे घातली. अमेरिकेत १९८७ मध्ये एड्सने गेलेल्यांच्या आठवणीची गोधडी सुरू झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ती वॉशिंग्टनमध्ये पहिल्यांदा अंथरली तेव्हा तिच्यात १,९२० पट्टे होते, प्रत्येक तीन फूट बाय सहा फूट. ज्यांच्या मृत्यूबद्दल उघड बोलायलाही घरचे कचरत होते, त्यांची नावे कापडावर आली ती माणसे एकत्र येऊन शिवायला बसली म्हणून.

एकटेपणावर औषध म्हणून अशा गटांचे गुण गाणारे बरेच आहेत. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत ३,५४५ विणकाम करणाऱ्यांनी उत्तरे दिली, आणि गटात विणणाऱ्यांनी इतरांशी बोलणे-मिसळणे वाढल्याचे, बरे वाटत असल्याचे सांगितले. ती उत्तरे मुळात विणकाम आवडणाऱ्यांचीच होती, त्यामुळे मी तिच्यावर फार मोठी इमारत उभी करणार नाही. खोली मागताना "यामुळे मन प्रसन्न राहते" हा मुद्दा पुढे करू नये असेच माझे मत आहे. मन प्रसन्न राहण्याचे हजार मार्ग आहेत आणि त्या स्पर्धेत आपण का उतरावे? शिकवणे हा आपला मुद्दा आहे.

माझ्या म्हणण्यावर खरा जोरदार आक्षेप वेगळाच आहे आणि तो कारागिरांकडून येतो. जिचे पोट भरतकामावर आहे ती विचारते: तुम्ही फुकट जागेत बसून, फुकट शिकवून, हौसेने वस्तू करून स्वस्तात वाटता, मग माझ्या कामाला मोल कोण देणार? सुईच्या कामाला कायमच कमी पैसे मिळत आले आहेत आणि त्यामागे "बायका हे हौसेने करतातच" ही समजूत आहे. गट ती समजूत बळकट करतो का?

करू शकतो. गट वर्षाच्या शेवटी विक्रीचे टेबल मांडतो, त्यावर एका माणसाच्या अनेक संध्याकाळी खाऊन झालेला टेबलक्लॉथ निव्वळ कापडाच्या भावात ठेवतो, आणि घेणारा तोच भाव डोक्यात ठेवून उद्या कारागिराच्या दारात जातो. हे थांबले पाहिजे. सार्वजनिक खोलीत विक्री नको, ऑर्डरी घेणे नको. ज्यांना धंदा करायचा आहे त्यांनी तो जरूर करावा, वेगळ्या जागी आणि पुऱ्या दामाने.

पण फक्त शिकणे-शिकवणे चालत असेल तर कारागिराचे नुकसान होत नाही, उलट त्याला जाणते गिऱ्हाईक मिळते असा माझा अनुभव आहे. लांब-आखूड टाक्याने एकच पान भरून पाहा. छटा बदलताना दोऱ्याचे टोक आधीच्या टाक्यांच्या मध्ये कुठे घुसवायचे, पानाच्या शिरेकडे टाके कसे झुकवायचे, कडेला रेष तुटू कशी द्यायची नाही, हे सांभाळता सांभाळता संध्याकाळ जाते. ज्याने ते एक पान भरले आहे तो माणूस पुन्हा कधी हातभरताच्या कपड्यावर घासाघीस करत नाही. मशीनचे काम आणि हाताचे काम त्याला उलट्या बाजूवरून ओळखता येते. भाव पाडणारा असतो तो ज्याने सुई कधी धरलेलीच नाही.

विक्री आणि वाटणे एका छताखाली आले की वाटण्यावर ताण येतो, याचा एक दाखला अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातला. तिथे १९६६ मध्ये, नागरी हक्कांच्या चळवळीच्या काळात, कृष्णवर्णीय बायकांनी फ्रीडम क्विल्टिंग बी ही सहकारी संस्था काढली आणि गोधड्या विकून हातात पैसा आणला. त्याची गरज होती आणि ते योग्यच होते. पण दुकानांच्या मोठ्या ऑर्डरींना एकसारखे माप आणि एकसारखे टाके लागत. त्या बायकांची ख्याती तर घरात, जुन्या कपड्यांच्या तुकड्यांतून, मनाला येईल तशा जुळवलेल्या गोधड्यांची. गीज बेंड या त्यांच्या वस्तीतल्या त्या मनमोकळ्या गोधड्याच पुढे २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात लागल्या. कमाईसाठी संस्था हवी आणि मनासारखे करून पाहण्यासाठी, एकमेकींचे बघून शिकण्यासाठी दुसरी जागाही हवी. मी दुसऱ्या जागेसाठी बोलते आहे.

आता गटांच्या घरातली गोष्ट. गट मोकळा असल्याचे आपण सांगतो, पण दारातून आत येणाऱ्याला तसे वाटते का? जुन्या सभासदांच्या खुर्च्या ठरलेल्या असतात, गप्पा आपापसांतल्या असतात, आणि नवखी मुलगी कापड मांडीवर घेऊन तासभर बसून निघून जाते. पुरुष आला तर सगळे इतके कौतुक करतात की तो पुन्हा येत नाही. सुई हे बायकांचे हत्यार, हा समज इतिहासाला धरून नाही. पहिल्या महायुद्धात जखमी झालेल्या शंभराहून अधिक सैनिकांनी लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलच्या वेदीसाठी भरतकाम केले. ब्रिटनमधल्या तुरुंगांत फाइन सेल वर्क ही संस्था १९९७ पासून कैद्यांना सुईकाम शिकवते आहे आणि शिकणाऱ्यांत पुरुषच अधिक आहेत. सार्वजनिक खोलीतला गट जर ठरावीक मंडळींचा अड्डा होणार असेल, तर त्याला खोली नाकारणाऱ्याचे चुकले असे मला म्हणता येणार नाही.

आणि नमुन्यांचा प्रश्न. हा सगळ्यांनाच अडचणीचा वाटतो म्हणून कुणी काढत नाही. एकीने फुलीच्या टाक्याचा चार्ट विकत आणला की संध्याकाळपर्यंत त्याच्या फोटोप्रती सगळ्यांकडे पोहोचलेल्या असतात. आपण याला वाटणे म्हणतो. तो चार्ट बनवणारी व्यक्ती मात्र बरेचदा आपल्यासारखीच घरी बसून काम करणारी असते आणि तेच तिचे उत्पन्न असते. टाका कुणाच्या मालकीचा नसतो: साखळी टाका, काज टाका, मच्छी टाका हे सगळ्यांचे आहेत आणि राहतील. कुणी आखलेले चित्र, मोजून रंग लावलेला चार्ट ही मात्र त्या व्यक्तीची निर्मिती आहे, आणि १८८६ च्या बर्न या आंतरराष्ट्रीय कॉपीराइट करारातून पुढे आलेल्या नियमांनुसार सभासद देशांत असे हक्क सर्वसाधारणपणे निर्मात्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर किमान ५० वर्षे टिकतात. विकत घेतलेला कागद मैत्रिणीला वापरायला द्या, तिचे झाले की तिसरीला द्या; वाचनालयाचे पुस्तकही असेच फिरते. प्रती काढू नका. आणि हुरूप असेल तर जुन्याकडे वळा. युरोपात १५२० च्या दशकापासून भरतकामाच्या नमुन्यांची छापील पुस्तके निघत आली आहेत. रेषांवर सुईने भोके पाडून वरून कोळशाची पूड फिरवायची आणि नक्षी कापडावर उतरवायची, अशी ती वापरली जात. त्यांच्यावर आज कुणाचा हक्क नाही आणि त्यांत कित्येक पिढ्यांना पुरेल एवढे काम आहे.

समाजाच्या नक्षीचे काय, हे अधिक नाजूक आहे, कारण तिथे कायदा बहुधा हात वर करतो. २०१५ मध्ये मेक्सिकोतल्या ओआहाका राज्यातल्या त्लाहुइतोल्तेपेक गावाने आपल्या पारंपरिक ब्लाउजची नक्षी एका परदेशी डिझायनरच्या संग्रहात दिसल्यावर जाहीर निषेध केला. नक्षी कुणा एकीची नव्हती म्हणून ती कुणाचीच नव्हे असे धरले गेले होते. गटात बसून अशी नक्षी शिकू नये असे मी म्हणणार नाही. शिकल्याने आदर वाढतो. पण शिकवताना ती कुणाची आहे हे सांगितलेच पाहिजे, आणि त्या समाजातली शिकवणारी मिळत असेल तर तिला बोलावून तिचे मानधन दिले पाहिजे. "हे मला आवडले, मी केले" एवढ्यावर थांबणे पुरेसे नाही.

खोली देणाऱ्यांनी काय द्यावे? फार काही नाही. मोठे टेबल, हात नसलेल्या खुर्च्या (हात असले की कोपर अडते), चांगला उजेड, आणि कुलपाचे एक कपाट, ज्यात नव्या माणसासाठी रिंगा, सुया, कात्री, दोऱ्याच्या लड्या राहतील. कारण सामान नाही म्हणून परत जाणारा माणूस पुन्हा फिरकत नाही. निदान एक बैठक कामाच्या वेळेनंतर हवी. आज बहुतेक गट दुपारी भरतात आणि नोकरी करणाऱ्यांना आपोआप बाहेर ठेवतात. फी नको.

बदल्यात गटाकडून मी एक ठोस गोष्ट मागेन: नमुन्यांची वही, वाचनालयाच्या नावाने. दर पानावर वीतभर कापड, त्यावर एक टाका, पण पुरा केलेला नव्हे. थोडा भाग पुरा, थोडा अर्धवट, पुढचा नुसता आखलेला, म्हणजे काम कसे पुढे सरकते ते बोट ठेवून पाहता येईल. कापड पानाला चिकटवायचे नाही, फक्त वरच्या कडेने टाचायचे, कारण शिकणाऱ्याला उलटी बाजू पाहावी लागते. दोरा कुठून कुठे गेला हे तिथेच दिसते. शेजारी टाक्याची ज्या ज्या नावांनी ओळख आहे ती नावे, कापड आणि दोरा कोणता, कुणी केला, कुणाकडून शिकला, कुठल्या समाजाची नक्षी. ही वही इतर पुस्तकांसारखी नोंदवहीत चढावी आणि घरी न्यायला मिळावी. ती मळेल, पाने झिजतील, तेव्हा गटाने नवी पाने करून द्यावीत. दरवर्षी खोलीसाठी अर्ज येतील आणि एखाद्याला नकार द्यावा लागेल, तेव्हा व्यवस्थापकांनी गटाची सभासदसंख्या न विचारता ही वही मागवावी, वर्षभरात किती नवी नावे चढली ते पाहावे आणि निर्णय घ्यावा.